गाईच्या ढेकराचा जमाखर्च

गोवत्सद्वादशीस सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या व जेवणापूर्वीं गोग्रास काढून ठेवणाऱ्या आपल्या समाजास, गाय ही पृथ्वीच्या तापास कारण होते, असें विधान ऐकतांच प्रथम हंसूं येतें आणि मागाहून राग येतो. परंतु हें विधान हंसण्यावारीं नेण्यासारखें नाहीं, व रागाच्या भरांत झुगारून देण्यासारखेंहि नाहीं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांतून मिथेन नांवाचा वायु बाहेर पडतो. तो वातावरणांत उष्णता कोंडून ठेवतो. आणि मनुष्याच्या व्यवहारांमुळें जगांत जो मिथेन उत्पन्न होतो, त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाळीव जनावरांकडून येतो. येथपर्यंत शास्त्रज्ञांत मतभेद नाहीं. खरा वाद सुरू होतो तो यापुढें. कोणत्या देशाच्या गुरांचा दोष अधिक? पूर्वींपेक्षां आज तो वाढला कीं घटला? आणि त्याचें प्रायश्चित्त कोणीं घ्यावें? या प्रश्नांस उत्तर देणारे आकडे पुष्कळ आहेत. पण शाळेंतल्या भागाकारांत भाजक बदलला म्हणजे जसें उत्तर बदलतें, तसाच येथेंहि निकाल फिरतो. कोणत्या भाजकानें कोण दोषी ठरतो, हें समजून घेणें रोज दारांत दूध घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबास अगत्याचें आहे.

मिथेन हा वायु कांहीं नवा नव्हे. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यानें १७७६ सालीं माजोरे सरोवराच्या कांठच्या दलदलींतून वर येणारे बुडबुडे गोळा करून त्यांतील ज्वालाग्राही वायूची परीक्षा केली, तोच हा. दलदलींत कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यांत जी क्रिया चालते, तिच्यासारखीच गाईच्या पोटांत चालते. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटास चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्यास कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटांत शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तेथें प्राणवायूचा शिरकाव जवळजवळ नसतो, आणि असंख्य सूक्ष्मजंतु गवत, कडबा व भुसा आंबवीत असतात. जें मनुष्यास पचत नाहीं तें गाईस पचतें, तें या जंतूंच्या कृपेनें. आंबण्याच्या या क्रियेंत हायड्रोजन सुटतो. तो सांचून राहिला तर पचनच मंदावेल; म्हणून दुसऱ्या जातीचे जंतु त्याचा कार्बन डायॉक्साइडशीं संयोग घडवून मिथेन बनवितात, आणि गाय तो बहुतेक सर्व ढेकरावाटें बाहेर टाकते. हा वायु मागच्या बाजूनें सुटतो, असा जो सार्वत्रिक समज आहे तो चुकीचा होय.

मोठी दुभती गाय दिवसास अडीचशें ते पांचशें लिटर मिथेन सोडते. गोपालकाच्या दृष्टीनें हा निव्वळ तोटा आहे. कारण खाल्लेल्या चाऱ्यांतील शेंकडा २ पासून १२ पर्यंत ऊर्जा अशी वायुरूपानें वायां जाते, आणि चारा जितका भरड व निकस, तितका या तोट्याचा हिस्सा सामान्यतः मोठा असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया येथें हेन्री आर्म्सबी यानें बैलास बंद खोलींत ठेवून त्याच्या श्वासोच्छ्वासाचें मोजमाप केलें, तेव्हां त्याच्यापुढें पृथ्वीच्या तापाचा प्रश्न नव्हता. घातलेल्या वैरणीपैकीं अंगीं किती लागते व व्यर्थ किती जाते, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. जो वायु आज जगाचा शत्रु ठरला आहे, तो त्यापूर्वींच शेतकऱ्याच्या गोठ्यांतला चोर म्हणून ओळखीचा झाला होता.

आतां मिथेनचा स्वभाव पाहूं. कार्बन डायॉक्साइडचा मोठा अंश वातावरणांत शतकानुशतकें टिकून राहतो. मिथेन सरासरी दहाबारा वर्षांत विघटून जातो. मात्र असेपर्यंत तो फार प्रखर असतो. वजनास वजन धरून शंभर वर्षांचा हिशेब केला, तर त्याचा प्रभाव कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २८ पट, आणि वीसच वर्षांचा केला, तर सुमारें ८० पट भरतो. म्हणजे मिथेनची स्थिति मोरी असलेल्या हौदासारखी आहे. नळाची धार वर्षानुवर्षें सारखीच राहिली, तर जितकें पाणी आंत येतें तितकेंच बाहेर जातें व पातळी फारशी बदलत नाहीं. धार वाढली कीं पातळी चढते. धार कमी केली तर ती लवकरच उतरते. यामुळें आज एखाद्या देशांत गुरें किती आहेत, एवढें पाहून भागत नाहीं. तीं वाढत आहेत कीं घटत आहेत, आणि केव्हांपासून, हेंहि पाहावें लागतें.

काळाचा हा मुद्दा अमेरिकेच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. युरोपियन लोकांची वसाहत होण्यापूर्वीं तेथील माळरानांवर बायसन नांवाच्या रानगुरांचे अफाट कळप चरत. त्यांची संख्या ३ ते ६ कोटि असावी असा अंदाज करतात. १८८० नंतरच्या दशकांत शिकाऱ्यांनीं हे कळप जवळजवळ नामशेष केले; हजारभर जनावरेंहि उरलीं नाहींत. बायसनहि रवंथ करणाराच प्राणी. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बायसनांची संख्या ५ कोटि धरून असें गणित मांडलें आहे कीं, त्या काळच्या रानटी रवंथी जनावरांचा मिथेन हा त्या प्रदेशांतील आजच्या पाळीव जनावरांच्या मिथेनच्या शेंकडा ८६ इतका भरतो. हा आकडा पुढें करून अमेरिकन गोपालक म्हणूं शकेल कीं, आम्हीं नवीन असें फार थोडें केलें. पण हिशेबाचा आरंभ १८९० पासून धरला, तर तोच गोपालक मोकळ्या पडलेल्या माळावर कोट्यवधि गुरें आणणारा ठरतो. आरंभाचें साल निवडणाऱ्याच्या हातीं निकालाचा अर्धा भाग असतो, तो असा.

दुसरा अर्धा भाग भाजकाच्या हातीं असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं काम करणाऱ्या आंतरसरकारी हवामान मंडळानें १९९६ सालीं देशोदेशींच्या हिशेबासाठीं ढोबळ प्रमाणें ठरवून दिलीं. त्यांत एक दुभती गाय ढेकरावाटें वर्षास किती मिथेन सोडते तें असें दिलें होतें : उत्तर अमेरिकेंत ११८ किलो, पश्चिम युरोपांत १००, ऑस्ट्रेलिया व न्यू झीलंडकडे ६८, भारतीय उपखंडांत ४६ आणि आफ्रिकेंत ३६. भाजक जर जनावर धरला, तर अमेरिकन गाय आपल्या गाईच्या अडीचपट दोषी ठरते. यांत नवल नाहीं. ती अंगानें थोराड. तिचा आहारहि तितकाच मोठा. जो अधिक खातो तो अधिक ढेकर देतो.

परंतु त्याच कोष्टकांत दुधाचेहि आंकडे होते. अमेरिकन गाय वर्षास ६,७०० किलो दूध देते व आपल्याकडील गाय ९०० किलो, असें त्यांत धरलें होतें. आतां भाजक दूध करा. अमेरिकेंत किलोभर दुधामागें सुमारें साडेसतरा ग्रॅम मिथेन येतो, तर आपल्याकडे ५१ ग्रॅम. क्षणांत आरोपी बदलला! अडीचपट दोषी असलेली गाय एकतृतीयांश दोषी झाली. कारण उघड आहे. दूध देवो वा न देवो, गाईस आपला देह जगविण्यापुरता चारा लागतोच व त्याचा मिथेन होतोच. दूध अधिक मिळालें म्हणजे तो मूळ खर्च अधिक किलोंवर विभागला जातो. याच मार्गानें अमेरिकेनें मोठी मजल मारली. १९४४ सालीं तेथें २ कोटि ५६ लक्ष दुभत्या गाई मिळून ५,३०० कोटि किलो दूध देत. २००७ सालीं अवघ्या ९२ लक्ष गाईंनीं ८,४०० कोटि किलो दिलें. दूध दीडपटीहून अधिक झालें, गाई जवळजवळ एकतृतीयांशावर आल्या, आणि किलोमागचा मिथेन निम्म्याहूनहि कमी झाला. ती वाढ तेथें थांबलेली नाहीं. तेथील सरासरी गाय आतां वर्षास १० हजार किलोंहून अधिक दूध देते.

मग अमेरिकेस प्रशस्तिपत्र देऊन मोकळें व्हावें काय? थोडें थांबलें पाहिजे. दूध हा भाजक धरतांना असें गृहीत धरलें जातें कीं, गाईपासून मनुष्यास दुधावांचून दुसरें कांहींच मिळत नाहीं. आपल्याकडे ही गोष्ट कधींच खरी नव्हती. खिलार गाईची किंमत तिच्या आंचळांवर ठरत नसे. तिच्या पोटीं येणाऱ्या बैलावर ठरे. डांगी बैल इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसांत भातखाचरांतून औत ओढतो. नांगर, मोट, गाडी व मळणी हीं सर्व कामें ज्याच्या खांद्यावर होतीं, त्याच्या ढेकराचा सारा बोजा त्याच्या आईच्या मापटेंभर दुधावर टाकणें हा न्याय नव्हे. शिवाय तो बैल जो चारा खातो तो कडबा, भुसा व बांधावरचें गवत. मनुष्याच्या ताटांतला घांस तो काढून घेत नाहीं.

शेणाचीहि गोष्ट अशीच. अमेरिकेंतील मोठ्या गोठ्यांत शेण पाण्यानें धुवून खोल तळ्यांत सांठवितात. तेथें तें हवेवांचून कुजतें व त्यापासून पुन्हां मिथेन सुटतो. आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या थापून उन्हांत वाळवितात, किंवा तें उकिरड्यावर पडतें. सुकलेल्या शेणांतून मिथेन फार थोडा निघतो. वरील कोष्टकांत समशीतोष्ण हवेंतील अमेरिकन दुभत्या गाईच्या शेणाचा मिथेन वर्षास ५४ किलो, तर भारतीय गाईचा ५ किलो धरला होता. ही रक्कम ढेकराच्या रकमेंत मिळविली, तर दुधाच्या किलोमागें अमेरिकेचा आकडा सुमारें २६ ग्रॅम व आपला ५७ ग्रॅम होतो. तिपटीचें अंतर सव्वादोनपटीवर येतें. अंतर नाहींसें होत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पण गोठा पूर्ण झाडला म्हणजे हिशेब किती बदलतो, हें यावरून दिसून येईल.

तिसरा भाजक माणूस. या भाजकाचा आग्रह दिल्लीच्या अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं १९९१ सालीं धरला. त्याच्या आदल्या वर्षीं एका अमेरिकन संस्थेनें भारत व चीन यांचीं नांवें तापवृद्धीच्या मोठ्या अपराध्यांत घातलीं होतीं. त्यावर या दोघांनीं विचारलें कीं, गरीब शेतकऱ्याच्या बैलाचा व भातखाचराचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच मापानें कसा मोजतां? एक जगण्यासाठीं निघतो, दुसरा चैनीसाठीं. त्याच सुमारास आपल्या देशांतील भातशेतीचा मिथेन परदेशी अंदाजाप्रमाणें वर्षास ३ कोटि ७० लक्ष टनांहून अधिक सांगण्यांत येत असे. डॉ. ए. पी. मित्र यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं प्रत्यक्ष शेतांत मोजमाप झालें, तेव्हां तो सुमारें ४० लक्ष टन निघाला. दुसऱ्या देशांतील मापें आपल्या जमिनीस वा जनावरास लावण्यांत केवढा धोका आहे, याचा हा धडा भाताचा असला तरी गुरांसहि लागू पडतो.

हा भाजक न्यायाचा आहे, यांत शंका नाहीं. पण त्याच्या आडोशास बसून आपण आपल्या घराकडे पाहण्याचें टाळूं नये. म्हणून आतां भारताची तुलना भारताशींच करूं. १९५१ च्या पशुगणनेंत गाईबैल १५ कोटि ५३ लक्ष व म्हशीरेडे ४ कोटि ३४ लक्ष होते. २०१९ सालीं तेच आकडे १९ कोटि २५ लक्ष व १० कोटि ९८ लक्ष झाले. एकूण मोठीं जनावरें दीडपट झालीं. त्या अवधींत माणसें ३६ कोटींवरून १३५ कोटींच्या पलीकडे गेलीं; म्हणजे शंभर माणसांमागें पूर्वीं ५५ जनावरें होतीं, तीं आतां बावीसच आहेत. दूध मात्र १ कोटि ७० लक्ष टनांवरून १८ कोटि ७७ लक्ष टनांवर, म्हणजे अकरापट गेलें. माणशीं दिवसास सुमारें १३० ग्रॅम मिळत असे, तेथें ३९४ ग्रॅम मिळूं लागलें. म्हशी वाढल्या, १९७० पासून दुधाच्या महापुराची योजना आली, १९६७ सालीं उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेल्या संस्थेनें संकरित गाय खेडोपाडीं पोंचविली, आणि ट्रॅक्टरानें बैलाचें काम हिरावून घेतल्यानें बैल कमी झाले. दुधाच्या किलोमागें पाहिलें, तर आपणहि अमेरिकेच्याच वाटेनें चाललों आहों.

पण हौदाचा दृष्टांत आठवावा. हवेस किलोमागचा हिशेब कळत नाहीं. तिला एकूण धार तेवढी समजते. अमेरिकेंतील सर्व गाईबैल १९७५ सालीं १३ कोटि २० लक्ष होते. ते २०२४ सालीं ९ कोटींच्या आंत आले. आपल्याकडील गाईम्हशी मिळून वाढल्या, आणि सुधारलेलें जनावर पूर्वींपेक्षां अधिक खात असल्यानें प्रत्येकाचा ढेकरहि वाढला. तेव्हां १९५१ हें आरंभवर्ष व एकूण मिथेन हें माप धरलें, तर धार वाढविणाऱ्यांत आपली गणना होते. गरीब कुटुंबांतील मुलांच्या तोंडीं दूध आलें हें त्या वाढीचें मोठें समर्थन आहे; पण समर्थन केल्यानें वाढ मिटत नाहीं.

एक देश असाहि आहे कीं, ज्यानें एका जनावराच्या जागीं दुसरें आणलें. न्यू झीलंडमध्यें १९८२ सालीं ७ कोटि मेंढ्या होत्या; आज त्या अडीच कोटींच्या आंत आहेत. त्याच मुदतींत दुभत्या गुरांचे कळप मात्र दुपटीच्या घरांत गेले. माणसें अवघीं ५० लक्षांच्या थोडीं वर, आणि देशाच्या एकूण तापकारक वायूंपैकीं जवळजवळ निम्मा शेतीचा. पण तेथील बहुतेक दूध भुकटी, लोणी व चीज होऊन परदेशीं जातें. मग त्याचा मिथेन कोणाच्या नांवें मांडावा? गाय पाळणाऱ्याच्या, कीं लोणी खाणाऱ्याच्या? तेथील सरकारनें २००३ सालीं गुरांवर पट्टी बसविण्याचें योजिलें, तें शेतकऱ्यांच्या विरोधामुळें सोडावें लागलें. २०२२ मध्यें पुन्हां तसा बेत जाहीर झाला, व सत्तांतरानंतर २०२४ मध्यें तोहि मागें घेण्यांत आला. डेन्मार्कनें मात्र २०३० पासून गुरांच्या वायूवर कर घेण्याचें २०२४ सालीं ठरविलें. संपन्न देशांतील शेकडों गुरांच्या मालकासहि हा भार जड वाटतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मग दोन गाई व एक म्हैस यांवर संसार चालविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यावर असा कर बसविणें म्हणजे त्याच्या चुलींतलें लाकूड काढून घेणें होय. २०२१ सालीं ग्लासगोच्या परिषदेंत मिथेन शेंकडा ३० नें घटविण्याची प्रतिज्ञा शंभरांहून अधिक देशांनीं केली, तेव्हां भारत तींत सामील झाला नाहीं, त्याच्या मुळाशीं याच शेतकऱ्याची काळजी होती. पण शिक्षा नको म्हणजे सुधारणाहि नको, असें नव्हे. येथें आर्म्सबीचा तो जुना प्रश्न उपयोगी पडतो. मिथेन म्हणजे वायां गेलेली वैरण. ती वांचली तर जग निवेल तें निवेल, पण आधीं शेतकऱ्याचा लाभ होईल. नुसत्या कडब्यावर जगणाऱ्या गाईस थोडी हिरवी वैरण, पेंड व क्षार दिल्यास तेवढ्याच ढेकरांत दूध वाढतें. युरियाची प्रक्रिया केलेला भुसा अधिक पचतो. बंगलोरच्या सरकारी पशुपोषण संस्थेनें तुरट रसाच्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नांवाचें पूरक खाद्य तयार केलें आहे, तें मिथेन करणाऱ्या जंतूंस आवर घालतें. कालवड वेळेवर माजावर आली, दोन वेतांतील भाकड काळ घटला, आणि रोगानें वासरें दगावलीं नाहींत, तर तितक्याच दुधास कमी जनावरें पुरतात. मात्र परदेशी रक्ताची प्रत्येक गाय आपल्या वैशाखांत तग धरील असें नाहीं. डांगी, देवणी व खिलार यांचें काटकपण गमावून केवळ लिटरांच्या मागें धांवणें हाहि एक चुकीचा भागाकारच होईल.

तात्पर्य, यापुढें कोणी अमुक देशाचीं गुरें अधिक घातक असें सांगूं लागला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत : भागलें कशानें, आरंभ कोणत्या सालापासून धरला, आणि गोठ्यांतलें काय काय हिशेबांतून वगळलें? या तीन प्रश्नांनीं परक्यांचा अन्याय जसा उघडा पडतो, तसा आपला आळसहि उघडा पडतो. आणि शहरांत राहून दूध विकत घेणाऱ्यांनीं चौथा प्रश्न स्वतःस विचारावा. चांगला चारा महाग असतो. जो शेतकरी दोन निकस गाईंच्या जागीं एक सकस गाय नीट खाऊं घालून पाळील, त्याच्या दुधास दोन पैसे अधिक मोजावयास आपण तयार आहों काय? देशोदेशींच्या आकड्यांपेक्षां या उत्तरावर आपल्या गोठ्यांतली सुधारणा अधिक अवलंबून आहे.